फडक्यात बांधलेली घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे. माझा लोलक, म्हणजे माझी जीभच म्हणा ना, सध्या एका मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलाय आणि वरून दोन गाठी मारल्यात. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, अरेरे, बिचारीला कुणी गप्प केलं! पण खरं सांगू? ते फडकं इतक्यात कुणी सोडू नये, असं मलाच वाटतं. मला माझ्या आवाजाची लाज वाटते. घंटेला स्वतःच्या आवाजाची लाज वाटावी म्हणजे काय झालं असेल, ते आज सांगून टाकते. मनात ठेवून तरी किती दिवस ठेवणार?

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीपाशी झाला. वाळूच्या साच्यात मला ओतलं, गार केलं, घासूनपुसून लख्ख केलं. मग ओताऱ्याने बोटाच्या पेराने मला टकटक करून पाहिलं. त्याचा भाऊ नाक मुरडून म्हणाला, "आकाराने बेताचीच आहे की ही." त्यावर ओतारी म्हणाला, "अरे, आकार काय बघतोस? गळा ऐक तिचा!" झालं! तेव्हापासून मी जी फुगले ती फुगलेच. पुढे बरीच वर्षं एका शाळेत होते. शाळा सुटल्याची घंटा म्हणजे मी. मी वाजले की पोरं असा गलका करायची की माझा दुसरा टोल कुणाला ऐकूसुद्धा जायचा नाही. मग विजेची घंटा आली, ती कर्कश ओरडणारी, आणि माझी रवानगी झाली अडगळीत, खडूच्या खोक्यांमागे. तिथून मला उचलून आणलं थोरल्या मास्तरांनी.

थोरले मास्तर पाय बनवायचे. दचकू नका! अपघातात किंवा आजारपणात ज्यांचा पाय गेला, त्यांना नवा पाय करून द्यायचा, हे त्यांचं काम. मोठा कारखाना वगैरे काही नाही, ओळीने तीन खोल्या. पहिल्या खोलीत ओल्या प्लास्टरच्या पट्ट्यांनी पायाचं माप घेत, आणि तिथली जमीन कितीही पुसली तरी पांढरीच. दुसऱ्या खोलीत कारागिरांची बाकं, कानशी, ड्रिल, आणि फळीवर ओळीने मांडलेली पावलं, डावी एकीकडे, उजवी एकीकडे. तिसरी खोली चालायची. तिथे धरून चालायला दोन लांब दांडे, समोर मोठा आरसा, भिंतीलगत खुर्च्या आणि टोकाला खिडकी. त्या खिडकीशेजारी मास्तरांनी मला टांगलं. मधल्या दाराला काच होती, त्यामुळे कारागिरांची खोली मला जागेवरून दिसायची. मला काय, बघत बसण्याशिवाय दुसरा उद्योग नव्हता.

मास्तरांची एक पद्धत होती. नवीन माणूस आलं की ते नाव नंतर विचारायचे. आधी विचारायचे, "पाय मिळाला की पहिलं काय करणार?" जे उत्तर येईल, तेच त्या माणसाचं इथलं नाव. म्हणून आमच्याकडे सायकलवाले काका होते, जिनेवाली आजी होती, एक नुसताच "पळणार" होता. आणि ज्या दिवशी ते माणूस दांडे सोडून, कुणाचा हात न धरता, खिडकीपर्यंत चालत यायचं, त्या दिवशी माझी दोरी त्यानेच ओढायची. मी वाजले की मागच्या खोलीतले सगळे हातातलं काम टाकून धावत यायचे, कुणाचे हात प्लास्टरने पांढरे, कुणाच्या केसांत भुसा, आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट! सायकलवाले काका दोरी ओढून असे रडले की त्यांची बायको म्हणाली, "अहो, पाय मिळाला की गेला? रडताय काय!" सगळी खोली हसली. त्या दिवसांत माझ्यासारखी सुखी घंटा जगात दुसरी नसेल.

चुका तेव्हाही व्हायच्या. माणसं आहेत, होणारच. कुणाकडून वाटी घट्ट व्हायची. वाटी म्हणजे उरलेला पाय नव्या पायात जिथे बसतो ती जागा. आमच्याकडे तिला वाटीच म्हणतात. कुणी पट्टा उलटा शिवायचं. तो कारागीर मान खाली घालून मास्तरांकडे जायचा आणि मास्तर चष्मा वर सरकवून ती वस्तू नीट बघायचे. मग म्हणायचे, "बरं झालं, इथेच कळलं. पायात गेल्यावर कळलं असतं तर?" एवढंच. मग दोघं मिळून ती दुरुस्त करायचे किंवा सरळ टाकून द्यायचे. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मला त्यात काही विशेष वाटेनासंच झालं होतं. आता वाटतं.

मास्तरांचे गुडघे थकले आणि ते मुलीकडे राहायला गेले. त्यांच्या जागी नवे साहेब आले.

साहेब वाईट होते असं मी म्हणणार नाही. चुणचुणीत माणूस. सकाळी सगळ्यांच्या आधी येत आणि सगळ्यांच्या नंतर जात. ताटकळत बसलेल्या लोकांना पटापट पाय मिळायला लागले, हे खरंच. फक्त त्यांना गंमत करायची भारी हौस, आणि गंमत नेहमी दुसऱ्याची.

एकदा प्लास्टरताईंकडून घोटाळा झाला. माप घेणाऱ्या त्या ताई, इथल्या सगळ्यांत जुन्या. त्यांनी मापावर चुकून "उजवा" लिहिलं आणि डाव्या पायाला उजवं पाऊल लागून आलं. आरशासमोर तो पाय उभा केला, तर पाऊल भलतीकडेच वळलेलं. सगळे हसले. ताईसुद्धा हसल्या, "अगं बाई, हे काय करून बसले मी!" म्हणाल्या. तेवढ्यात साहेब आले, त्यांनी माझी दोरी धरली आणि जोरात ओढली. "चला, चला, सगळे या! ताईंनी नवीन शोध लावलाय. होऊ द्या टाळ्या!" सगळे सवयीने धावत आले. टाळ्या वाजल्या, हशा झाला. मीही खणखणीत वाजले होते. ताई हसत हसतच आत गेल्या आणि नळाखाली हात धुवत उभ्या राहिल्या. हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी नळ चालूच होता.

साहेबांना कल्पना फारच आवडली. मग कुणाचंही काही चुकलं की घंटा. उशीर झाला, घंटा. काही विचारायला आलं तरी, "एवढं येत नाही? वाजवा रे!" बाहेर खुर्च्यांवर बसलेल्या लोकांसमोर, त्यांच्या नातेवाइकांसमोर. कुणी तोंड पाडलं तर म्हणायचे, "अहो, चेष्टा होती, एवढं काय मनाला लावून घेता!" पट्टे शिवणारे काका एक दिवस टाळ्या संपेपर्यंत उभे राहिले, मग चष्म्याची घडी घालून खिशात ठेवली, घरी गेले आणि परत काही आले नाहीत. साहेब म्हणाले, "वय झालं होतं त्यांचं." त्यांच्यासारखा पट्टा इथे पुन्हा कुणी शिवला नाही.

मित्रांनो, माझ्याकडे आवाज एकच आहे. आनंदाचा वेगळा आणि फजितीचा वेगळा, असं घंटेला जमत नाही. त्यामुळे झालं काय, की मी वाजले की मागच्या खोलीतले आधी आपापल्या हातातल्या कामाकडे बघायला लागले. खांदे आक्रसायचे. मास्तरांच्या वेळेपासून ताटकळलेली जिनेवाली आजी ज्या दिवशी पहिल्यांदा चालत खिडकीशी आली, त्या दिवशी तिने केवढ्या हौसेने दोरी ओढली! आत कुणाच्या तरी हातातून कानस पडली. बाहेर कुणीच आलं नाही. आजी दारातल्या काचेकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "का हो, माझं काही चुकलं का?"

त्या क्षणी मला दोरीसकट खिडकीतून बाहेर पडावंसं वाटलं. गळ्याचा गर्व होता ना मला? चांगलं पितळ उघडं पडलं माझं.

आता लांबूभाऊंबद्दल सांगते. उंच म्हणून लांबू. दारातून येताना वाकायची इतकी सवय की मैदानातसुद्धा वाकून चालत असतील, असं सगळे चिडवायचे. वाट्यांना भोकं पाडून त्यांना खालचा दांडा बसवायचं नाजूक काम त्यांचं. हात सोन्याचा, पण स्वभाव असा की वाऱ्याला घाबरेल. एकदा त्यांच्याकडून एक दांडा आखूड कापला गेला. कुणाला कळलंही नसतं, पण ते स्वतः तो घेऊन साहेबांसमोर उभे राहिले.

"साहेब, माझ्याकडून चुकलंय. नवीन कापतो. म्हटलं, आधी सांगावं."

साहेब हसले. "वा! स्वतःच्या पायांनी आले हो!" आणि हात माझ्या दोरीला. "प्रामाणिकपणाबद्दल जोरदार टाळ्या! दांडा बघा यांचा, हा काय बाहुलीला बसवायचा?"

लोक हसले. त्यात एक लहान मूलही होतं, ते आईला विचारत होतं, "त्या काकांनी काय केलं?" लांबूभाऊ दांडा हातात धरून उभे. कान लालभडक. मी वाजत होते, थांबणं माझ्या हातात कुठे होतं! त्यानंतर ते डबा एकटेच खायला लागले. बायकोचा फोन आला की म्हणायचे, "हो, हो, इकडे मजेत आहे सगळं." मला ते ऐकवत नसे.

आणि मग एक चमत्कार झाला. चुका थांबल्या! कुणी काही घेऊन साहेबांकडे जाईना. साहेब खुशीत. पाहुण्यांना सांगायचे, "ही घंटा बघा. जादू आहे हिच्यात. माणसं सरळ झाली." पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघायचे, आणि मी शरमेने काळी पडत होते. मला काचेतून दिसत होतं ना! आधी बाकावर दोघं दोघं डोकी जवळ आणून बघायचे, "हे जरा बघ रे, बरोबर आहे का?" आता प्रत्येकजण आपल्या कामावर पाठ वाकवून बसलेला, परीक्षेत वही झाकून बसतात तसा.

अशातच ती आली. कोवळी पोर, सोबत तिची सासूबाई, आणि सासूबाईंच्या कडेवर एक गुबगुबीत बाळ. बाळ पोटात असतानाच एका अपघातात तिचा पाय गुडघ्याखालून गेला होता. प्लास्टरताईंनी साहेब जवळ नाहीत असं बघून जुना प्रश्न विचारला, "पाय मिळाला की पहिलं काय करणार?"

ती म्हणाली, "ह्याला उचलून घेणार आणि खिडकीपर्यंत जाणार. घरी तो रडायला लागला की मी बसल्या जागेवरून हाक मारते, अहो, कुणीतरी आणा हो त्याला. आई मी आहे, आणि त्याला घेऊन सगळं घर फिरतं, मी सोडून."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "ह्याचंही पाऊल आता पडेलच. आमच्याकडे दोघांची शर्यत लागलीय. बघू कोण आधी चालतंय!" सगळे हसले. पण सुनेचा हात त्यांनी घट्ट धरला होता. त्या दिवसापासून ती आमची बाळाची आई झाली.

तिची वाटी लांबूभाऊंच्या बाकावर आली. मी सगळं पाहिलं. शेवटचं भोक पाडताना ड्रिल जरासं तिरकं गेलं. त्यांनी वाटी उजेडात धरली. भोकाच्या कडेला केसासारखी बारीक चीर गेली होती. अशी वाटी टाकूनच द्यायची असते. पण वाटी बाहेर काढताना आतला प्लास्टरचा साचा फोडावा लागतो, तो केव्हाच फुटला होता, म्हणजे नवीन वाटी करायची तर तिला पुन्हा बोलवायचं, पुन्हा माप घ्यायचं. गुपचूप होण्यातलं काम नव्हतं. सांगावंच लागणार होतं.

लांबूभाऊ उठले. चालायच्या खोलीच्या कोपऱ्यात साहेबांनी स्वतःसाठी केबिन करून घेतली होती, वाटी हातात घेऊन तिच्या दारापर्यंत आले. आत साहेब फोनवर कुणाशी तरी मोठ्याने हसत होते. लांबूभाऊंनी दार वाजवायला हात उचलला, आणि वळून पाहिलं. कुणाकडे, माहीत आहे? माझ्याकडे. साहेबांकडे नाही, बाहेर बसलेल्या माणसांकडे नाही, माझ्याकडे. मी अगदी स्थिर टांगलेली होते, एक शब्द काढला नव्हता. तरी ते मला घाबरले. हात खाली आला. ते परत बाकावर गेले, चिरेत लुकण भरलं, घासून गुळगुळीत केलं, वरून रंग दिला. कुणालाही सापडलं नसतं.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण दुसऱ्याने ओढल्याशिवाय मला कुठे बोलता येतं? आणि ओढलं असतं, तरी सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या असत्या.

बाळाची आई पाय लावून दांड्यांमध्ये चालायला शिकली. पोर जिद्दीची. घामाने निथळायची, पण थांबायची नाही. लांबूभाऊ रोज वाकून तिच्या पायाकडे बघायचे आणि रोज आणखी गप्प व्हायचे. शेवटी एक दिवस ती म्हणाली, "आज बाळाला घेऊन चालते."

"आज नको," लांबूभाऊ पटकन पुढे आले. "म्हणजे... आधी नुसतंच चाला ना ताई, आणखी काही दिवस. मी एकदा पाय बघून घेतो."

साहेब खिडकीशी उभे होते. हात माझ्या दोरीवरच होता, ती चालत आली की तिच्या हातात द्यायला. ते हसून म्हणाले, "काय हो, स्वतःच्या कामावर भरवसा नाही? वाजवू का?"

दोन-चार जण हसले. लांबूभाऊंचे ओठ हलले आणि मिटले. अजूनही एका वाक्याचं काम होतं, मित्रांनो. ते वाक्य त्यांच्या तोंडापर्यंत आलेलं मी पाहिलं.

सासूबाईंनी बाळ तिच्याकडे दिलं आणि स्वतः तिच्या पुढे, हात पसरून, उलट्या पावलांनी चालायला लागल्या. बाळाने आईचे केस मुठीत धरले. ती चालत होती. चेहरा असा की आरशालाही बघत राहावंसं वाटलं असेल. अर्धी खोली झाली, खिडकी जवळ आली, आणि कट् असा आवाज झाला.

खालचा दांडा वाटीतून निसटला आणि पाय वाकडा झाला. पडताना माणूस हात टेकतं. तिने टेकले नाहीत. दोन्ही हातांनी तिने बाळाला पुढे, सासूबाईंच्या ओंजळीत दिलं, आणि स्वतः तशीच कोपरावर आदळली. हाड मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. बाळाला खरचटलंसुद्धा नाही. ते मात्र भोकाड पसरून रडत होतं, आणि आई जमिनीवरून म्हणत होती, "माझंच चुकलं. मी पाऊल नीट टाकलं नाही. माझंच चुकलं हो."

लांबूभाऊ तिच्याजवळ गुडघ्यांवर बसले. "नाही ताई, तुमचं काहीसुद्धा चुकलं नाही. भोक माझ्याकडून तिरकं पडलं. चीर गेली होती. मी ती बुजवली. मला माहीत होतं." आणि हा एवढा उंच माणूस ढसाढसा रडायला लागला.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. ते ओरडले, "माहीत होतं? मग सांगितलं का नाहीत? सांगायला काय झालं होतं?"

प्लास्टरताईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग दारात जमलेल्या कारागिरांनी पाहिलं. मग खुर्च्यांवरच्या माणसांनी. एकेक करून सगळी खोली माझ्याकडे बघत होती. सगळ्यांत शेवटी साहेबांनी पाहिलं, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की दोरी अजून आपल्याच हातात आहे. त्यांनी ती अशी सोडली जणू चटका बसला. त्या हिसक्याने मी थोडीशी वाजले. एकच टोल, बारीकसा. आयुष्यात मी इतकं घाणेरडं कधी वाजले नव्हते.

साहेबांनी तिला स्वतः उचलून गाडीपर्यंत नेलं, दवाखान्यात थांबले, हे सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टुलावर चढून माझ्या जिभेला हे फडकं बांधलं. मला बरं वाटलं. पण फडकं बांधलं म्हणून सगळं मिटलं, असं कुठे असतं? साहेब आता बाकापाशी जाऊन मऊ आवाजात विचारतात, "काही अडचण?" आणि सगळे म्हणतात, "काही नाही, साहेब." त्या "काही नाही"वर साहेबांचाही विश्वास बसत नाही, आणि ते तसेच उभे राहतात. एकदा लांबूभाऊ एक बिघडलेला पट्टा घेऊन त्यांच्यासमोर आले. साहेबांचा हात सवयीने दोरीसाठी वर गेला आणि अर्ध्यावर थांबला. "बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. लांबूभाऊ मात्र त्या अर्ध्यावर थांबलेल्या हाताकडेच बघत होते.

बाळाच्या आईचं कोपर जुळून आल्यावर तिचं नवीन माप घेतलं. वाटी लांबूभाऊंनीच केली, तिनेच तसं सांगितलं होतं. भोकं पाडायच्या आधी त्यांनी प्लास्टरताईंना हाक मारली, "ताई, जरा बघता का?" किती दिवसांनी ऐकलं मी हे! ताई हात पुसत आल्या आणि दोन डोकी बाकावर जवळ आली.

तोवर बाळ चालायला लागलं होतं. शर्यत तेच जिंकलं. ज्या दिवशी ती त्याला कडेवर घेऊन खिडकीपर्यंत आली, त्या दिवशी ते खाली उतरायला धडपडत होतं आणि ती त्याला म्हणत होती, "थांब रे, आत्ता कुठे घेतलंय तुला!" तिने त्याला बाहेरचा रस्ता दाखवला, झाड दाखवलं, जाणारी सायकल दाखवली. सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. दारात सगळे उभे होते.

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "ही वाजवायची असते ना चालल्यावर?" ती म्हणाली. "फडकं कशाला बांधलंय? सोडू का?" आणि तिचा हात वर आला.

प्लास्टरताईंनी साडीचा काठ मुठीत धरला. साहेब खाली बघायला लागले. लांबूभाऊंचे खांदे हळूहळू कानांपर्यंत गेले, आणि एवढा उंच माणूस उभ्या जागी लहान झाला.

तिने ते पाहिलं. हात तसाच खाली घेतला. "राहू दे," ती म्हणाली. "बाळ दचकेल."

बाळ तर खदखदा हसत होतं. ती हे बोलली ते लांबूभाऊंकडे बघून.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. कुणी कुणाचे साहेब व्हाल, कुणाच्या हाताखाली दहा माणसं असतील. तेव्हा कुणी मान खाली घालून सांगायला आलं की "माझं चुकलं", तर त्याच्यावर हसण्याआधी एकदा माझी आठवण काढा. मी पितळेची आहे, मला एकच आवाज दिलाय आणि तोही दुसऱ्याने ओढला तरच निघतो. तुमचं तसं नाही. तुम्हाला "बरं झालं, इथेच कळलं" म्हणता येतं.

मी इथेच आहे, खिडकीशेजारी. या खोलीत ते वाक्य पुन्हा रोजचं झालं, इतकं रोजचं की कुणाला त्यात काही विशेष वाटेनासं झालं, की मग या माझं फडकं सोडायला. तोवर, मुलांनो, ते राहू द्या.